‘आम्ही’ आणि ‘आपण’: चौर्यकथेतील स्त्रियांचे सख्य

चौर्यकथा हा वाङ्मयप्रकार आजवर प्रायः पुरुषांचा मानला गेला आहे. मराठी भाषेतच याचे प्रत्यंतर मिळते. ‘चोर’, ‘दरोडेखोर’, ‘म्होरक्या’ हे शब्द उच्चारताच मनापुढे पुरुषाची आकृती उभी राहते. ‘टोळी’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी खरा, परंतु टोळीतील माणसे मात्र पुरुषच कल्पिली जातात. ‘दरोडेखोर’ या शब्दाचे रूढ स्त्रीलिंगी रूप भाषेने घडविलेच नाही, आणि ‘चोरटी’ हे रूप सांप्रत नजर, पाऊल, वाट अशा नामांचे विशेषण म्हणूनच अधिक वावरते. उलटपक्षी ‘मैत्रीण’, ‘सखी’, ‘सोबतीण’ या शब्दांचा परिसर घर, पाणवठा, शाळा व सासर-माहेर यांचा आहे. एखाद्या योजनाबद्ध कामगिरीत परस्परांवर जीव टाकून अवलंबणाऱ्या स्त्रियांचे नाते सांगावयाचे झाल्यास वृत्तपत्री ‘साथीदार’ या शब्दापलीकडे भाषा फारसे काही पुढे करीत नाही.

भाषेतील ही उणीव कथावाङ्मयातील उणिवेशी समांतर आहे. म्हणून ज्या कथेत स्त्रियांची टोळी एखाद्या संग्रहालयातून मौल्यवान वस्तू पळविते, ती केवळ करमणुकीची म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. अशा कथेपुढे एक खरा वाङ्मयीन प्रश्न उभा असतो. काम करण्यापुरते जमलेले माणसांचे मंडळ आणि मैत्री या दोहोंत भेद कोणता, आणि पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होते ते कोणत्या खुणेवरून ओळखावे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार ‘ओशन्स एट’ या २०१८ साली प्रदर्शित झालेल्या अमेरिकन चित्रपटाच्या आधारे केला आहे. दिग्दर्शक गॅरी रॉस यांनी ऑलिव्हिया मिल्च यांच्यासह त्याची पटकथा लिहिली.

१. परंपरा आणि तिची उलट बाजू

या चित्रपटास एक वंशावळ आहे. १९६० साली लुईस माइलस्टोन यांनी ‘ओशन्स इलेव्हन’ निर्माण केला. २००१ साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी त्याच नावाने तो विषय पुन्हा हाताळला व २००४ आणि २००७ साली त्याचे पुढील भाग काढले. या सर्वांत नायक डॅनी ओशन हा होय. २०१८ च्या चित्रपटात डॅनीची बहीण डेबी ओशन (सँड्रा बुलक) कारागृहातून सुटते. पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात बसून तिने एक बेत पक्का केला आहे. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात वस्त्रविभागाच्या निधीसाठी दरवर्षी मे महिन्यात जो थाटाचा मेळावा भरतो, त्या रात्री एका नटीच्या गळ्यातील हिऱ्यांचा हार काढून घ्यावयाचा, असा तो बेत आहे.

२००१ च्या चित्रपटाशी या कथेची रचना ताडून पाहिली असता एक साम्य ध्यानी येते. तेथे डॅनीने आपल्या निकटच्या सहकाऱ्यापासून, रस्टीपासून, एक गोष्ट दडविलेली असते. ज्याला लुटावयाचे त्याच्याच सहवासात डॅनीची पूर्वपत्नी टेस आहे, आणि पैशाइतकीच तीही त्याला हवी आहे. येथे डेबीने आपल्या जुन्या सहकारिणीपासून, लूपासून (केट ब्लँचेट), तसेच काही दडविले आहे. क्लॉड बेकर हा चित्रांचा व्यापारी एके काळी तिचा प्रियकर होता. त्याने स्वतःस वाचविण्यासाठी तिला तुरुंगात धाडले, आणि या चोरीचा आळ त्याच्या माथी यावा अशी तिने व्यवस्था केली आहे. सांगाडा तोच, पण दिशा उलटली आहे. तेथे स्त्री हे चोरीचे पारितोषिक होते. येथे पुरुष पारितोषिक होत नाही, तो चोरीची शिक्षा भोगणारा होतो. डॅनीला कोणी तरी मिळवावयाचे आहे, तर डेबीला एक हिशेब मिटवावयाचा आहे.

केवळ पुरुषांच्या जागी स्त्रिया बसविल्या, असा आक्षेप या चित्रपटावर घेतला गेला. सांगाड्यापुरता पाहिल्यास तो खरा ठरेल. तथापि सांगाड्याच्या आत माणसांचे परस्परसंबंध कसे मांडले आहेत, हे पाहिल्याविना निर्णय देणे घाईचे होईल.

२. श्रमविभाग हेच सख्याचे रूप

टोळीतील प्रत्येकीचे कौशल्य निराळे आहे. लू ही रात्रीच्या मद्यगृहाची चालक. रोझ वाइल (हेलेना बॉनहॅम कार्टर) ही कर्जात बुडालेली वेषरचनाकार. भारतीय वंशाची अमिता (मिंडी कॅलिंग) जडजवाहिराची जाणकार, परंतु आईच्या हाताखाली कंटाळलेली. टॅमी (सारा पॉल्सन) ही मुलाबाळांत रमलेली गृहिणी दिसते, मात्र तिच्या घराच्या मोटारखान्यात चोरीचा माल साठविलेला आहे. कॉन्स्टन्स (ऑक्वाफिना) ही हातचलाखीत निष्णात, तर नाइन बॉल (रिहाना) ही संगणकाची कुलपे फोडणारी. ज्या नटीच्या गळ्यात हार पडावयाचा ती डॅफ्नी क्लूगर (अ‍ॅन हॅथवे) हिला यांतील कशाचीही कल्पना नाही.

बेताची गुंफण अशी आहे की एकीचे काम दुसरीच्या कामावाचून निरर्थक ठरावे. रोझने डॅफ्नीचा वेष करण्याचे काम मिळविले नाही तर जवाहिऱ्यांच्या तळघरातील हार बाहेरच येत नाही. रोझ आणि अमिता यांनी तो पाहण्याच्या मिषाने त्याचे मोजमाप टिपले नाही तर प्रतिकृती घडत नाही. नाइन बॉलने पहारेकरी कॅमेऱ्यांची दृष्टी थोडथोडी सरकवून स्त्रियांच्या प्रसाधनगृहापाशी एक आंधळी जागा निर्माण केली नाही तर कॉन्स्टन्सची चलाखी वाया जाते. पहाऱ्यावरील पुरुष ज्या एका दाराशी थबकतात ते स्त्रियांच्या प्रसाधनगृहाचे दार होय, आणि सारा बेत या एका सामाजिक संकेतावर उभारलेला आहे. डेबी टोळीत पुरुष घेण्यास नकार देते त्याचे कारणही हेच. पुरुषाकडे लक्ष जाते, स्त्रीकडे दुर्लक्ष होते, आणि या कामी दुर्लक्ष होणेच हितावह आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय. समाजाने केलेली उपेक्षा ती येथे साधन म्हणून वापरते. तक्रारीचा सूर त्यात नाही, म्हणूनच तो विचार मनाला लागतो.

या सर्व भागात मैत्रीची कबुली कोणीही देत नाही. संवाद तुटक आहेत. आज्ञार्थी क्रियापदे, संख्या, वेळा, वस्तूंची नावे यांतच बहुतेक बोलणे संपते. तरीही या व्यवहारी बोलण्याच्या फटींतून आपुलकीचे प्रसंग डोकावतात. कॉन्स्टन्स अमिताला दूरध्वनीवरून वर शोधण्याची युक्ती शिकविते, हा प्रसंग बेताच्या दृष्टीने अनावश्यक आहे. एकीला येते ते दुसरीला सहज शिकविणे, आणि शिकणारीस त्यात कमीपणा न वाटणे, ही मैत्रीची पहिली खूण म्हणता येईल. भावनेचे उच्चारण टाळून कामातील विश्वास दाखविणे ही पुरुषांच्या साहसकथेची जुनी रीत आहे. स्त्रियांच्या कथेत मात्र मैत्री म्हटली की अश्रू, गुपिते व मत्सर आलाच पाहिजे, असा लेखकांचा समज दिसतो. तो समज या चित्रपटाने मोडला आहे, हे त्याचे पहिले यश होय.

३. सर्वनामाची कसोटी

येथे मराठी भाषेतील एका विशेषाचा उपयोग विश्लेषणासाठी होण्याजोगा आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. ऐकणारा त्यात धरलेला आहे की वगळलेला, हे केवळ संदर्भाने कळते. मराठीत मात्र श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा स्पष्ट भेद आहे. गुजरातीतही तो आढळतो. संस्कृतात तो नाही, द्राविड भाषांत आहे. म्हणून द्राविड भाषांच्या सान्निध्याने तो आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘आपण’ हा शब्द तर तिहेरी कामाचा आहे. तो ‘स्वतः’ या अर्थी येतो, समोरच्यास आदराने संबोधण्यासाठी येतो, आणि बोलणारा व ऐकणारा या दोघांस मिळूनही येतो. मी, तू आणि दोघे मिळून, या तिन्ही जागा एका शब्दाने व्यापिल्या आहेत.

इंग्रजी संवादांवर मराठीचे व्याकरण लादावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एखाद्या प्रसंगाचे मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्यास प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे लागते, की येथे ‘आम्ही’ योजावे की ‘आपण’? या प्रश्नाचे उत्तर देताना बोलणारीच्या मनात कोण आत आहे व कोण बाहेर, हे उघड करावेच लागते. या कसोटीवर पाहता चित्रपटात लपवणुकीची तीन वर्तुळे आढळतात, आणि कथा पुढे सरकते ती ही वर्तुळे एकेक करून उघडत.

पहिले वर्तुळ डेबीचे एकटीचे. क्लॉडवर सूड उगविण्याचा हेतू तिने लूलाही सांगितलेला नाही. मेळाव्यास डॅफ्नीच्या सोबत क्लॉड येणार हे कळताच लू संतापते. तिचा आक्षेप नीतीचा नाही, चोरीचा तर नाहीच. एका कामात दुसरे काम लपविले, आणि ज्या माणसामुळे एकदा तुरुंगवास घडला त्याच्याचसाठी पुन्हा सर्वांना धोक्यात घातले, हा तिचा आक्षेप आहे. डेबी ज्याला ‘आपण’ म्हणत होती ते वस्तुतः ‘मी’ होते, हे लूने ओळखले. चित्रपटातील मैत्रीचा खरा कलह हा एवढाच, आणि तो हाताळला आहे अत्यंत संयमाने. लू रुसून निघून जात नाही, डेबीही क्षमा मागत नाही. काम पुढे चालते. दीर्घ परिचयाच्या दोन स्त्रियांमधील राग बोलण्याहून अधिक वागण्यात मुरतो, ही जाण येथे दिसते. मात्र हा प्रसंग अधिक खोल जावयास हवा होता. लूने दुखावले जाऊनही थांबण्याचे का ठरविले, याचे उत्तर पटकथा देत नाही. प्रेक्षकाला ते केट ब्लँचेट यांच्या मुद्रेवरून शोधावे लागते.

दुसरे वर्तुळ डेबी व लू या दोघींचे. हाराची चोरी चालू असता संग्रहालयात मांडलेले राजघराण्यांचे दागिनेही लांबविण्यात आले, हे टोळीतील इतरांना मागाहून कळते. त्या कामी लूने डॅनीच्या जुन्या टोळीतील येन याचे साहाय्य घेतले होते. म्हणजे बाकीच्या जणी ज्या बेतास ‘आपला’ समजत होत्या, त्याच्या आत दोघींचा एक ‘आमचा’ बेत होता. परंतु हे गुपित फुटते ते वाटणीच्या वेळी, आणि प्रत्येकीचा वाटा अनेक पटींनी वाढूनच. हे रहस्यस्फोटाचे तंत्र चौर्यकथेत नवे नाही. नवे आहे ते इतकेच की लपविलेल्या लाभात सर्वांना वाटा देऊन ‘आम्ही’चे ‘आपण’ केले जाते. टोळीच्या कथांचा शेवट पुष्कळदा वाटणीवरून फाटाफूट होण्यात होतो. येथे वाटणी हाच विश्वासाचा पुरावा ठरतो.

तिसरे वर्तुळ सर्वांत मोठे, आणि त्याच्या बाहेर डॅफ्नी उभी आहे. तिच्या गळ्यातून हार काढावयाचा. ती म्हणजे बेतातील कर्म, कर्ता नव्हे. इतरांच्या बोलण्यात ती सदैव तृतीयपुरुषी येते. तिला आजारी पाडावयाचे, तिला प्रसाधनगृहाकडे न्यावयाचे. दिसावयास ती उथळ, आत्ममग्न व स्तुतिलोलुप आहे. पण तिने सारे ओळखले होते, आणि ती आपण होऊन टोळीत येते, तेव्हा चित्रपटाच्या नावातील आकड्याचा उलगडा होतो. योजनेत सात जणी होत्या. आठवी तीच, जिला योजनेने वस्तू मानले होते. तिला विचारले असता, आपल्याला जवळच्या मैत्रिणी फारशा नाहीत, अशा आशयाचे ती बोलते. विनोदाच्या ओघात हे वाक्य निसटून जाते, परंतु साऱ्या कथेचा भार त्यावर आहे. जिच्या सौंदर्याकडे सगळे जग पाहत आहे, तिला कोणीही ‘आपण’मध्ये धरलेले नाही. पैशाची तिला ददात नाही. तिला हवा आहे तो सर्वनामातील प्रवेश.

४. हार आणि त्याचे तुकडे

चित्रपटातील हारास ‘तूसाँ’ हे नाव आहे. १९३३ पासून कार्तिए या फ्रेंच पेढीच्या उंची जवाहिराची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या जान तूसाँ यांच्यावरून ते घेतले आहे. हाराचे रूप मात्र वेगळ्या ठिकाणाहून आले. नवानगरचे महाराज रणजितसिंह, म्हणजेच क्रिकेटपटू म्हणून विख्यात असलेले ‘रणजी’, यांच्यासाठी जाक कार्तिए यांनी १९३१ साली एक हार आरेखिला होता. त्यावरून चित्रपटासाठी प्रतिकृती करण्यात आली. मूळ आरेखन पुरुषाच्या गळ्यासाठी असल्याने ती सुमारे १५ ते २० टक्के लहान करावी लागली. पुरुषाच्या मापाची वस्तू स्त्रियांसाठी आखडून घेण्याचा हा प्रकार चित्रपटाच्या एकंदर स्थितीचे नकळत झालेले प्रतीकच म्हणावा लागेल. कथेचा सांगाडाही पुरुषांच्या मापाचा होता, आणि तोही लहान करून घेतला आहे. धोका कमी, पाठलाग नाही, हिंसा नाही. अडचणी येतात त्या लगोलग सुटतात. चित्रपटात भय नाही, ही टीका याच कारणाने झाली, आणि ती अनाठायी नाही. विश्वासाची परीक्षा संकटात होते. संकटच सौम्य असेल तर विश्वास कितपत दृढ होता, हे सिद्ध होत नाही.

तथापि हाराचे पुढे जे होते ते लक्षणीय आहे. तो अखंड बाहेर जात नाही. अमिता त्याचे भाग सुटे करते, आणि ते भाग निरनिराळे अलंकार म्हणून अंगावर घालून टोळीतील स्त्रिया मेळाव्याच्या थाटात उघडपणे बाहेर पडतात. एका स्त्रीच्या गळ्यात शोभेसाठी व जाहिरातीसाठी अडकविलेली वस्तू अनेकींमध्ये विभागली जाते, आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत जाते. वाटणीची कल्पना येथे आधीच दृश्य झालेली आहे.

अलंकाराच्या चोरीचा विषय निघाला असता मराठी वाचकास, देवलांच्या संगीत रूपांतरामुळे परिचित असलेल्या, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही चोरीला कलेची प्रतिष्ठा आहे. भिंतीस भोक पाडताना शर्विलक शास्त्राचा आधार घेतो व कार्तिकेयाचे स्मरण करतो. पण तो एकटा आहे, आणि मदनिकेस दास्यातून सोडविण्यासाठी चोरी करतो. स्त्रिया त्या चोरीच्या बाहेर आहेत. चोरीनंतर मात्र त्या नाटकात स्त्रियांचे एक मूक नाते उमलते. चोरीस गेलेल्या अलंकारांच्या भरपाईसाठी धूतेने दिलेली रत्नावली वसंतसेना तिला ‘भगिनी’ मानून परत पाठविते, आणि धूता ती घेत नाही. ज्या दोघींत मत्सर असावा अशी अपेक्षा, त्या दोघी एका अलंकाराच्या देवघेवीतून जोडल्या जातात. त्या नात्यास नाव देण्यासाठी शूद्रकाला भगिनीभावाचा, म्हणजे कुळातील नात्याचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

होजो त्सुकासा यांच्या ‘कॅट्स आय’ या १९८१ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या जपानी चित्रकथेतही हाच आधार आहे. रुई, हितोमी व आई या तीन बहिणी दिवसा उपाहारगृह चालवितात आणि रात्री आपल्या बेपत्ता चित्रकार पित्याशी निगडित कलाकृती चोरतात. त्यांच्यात विश्वास कोठून आला, हे लेखकास सांगावे लागत नाही. तो जन्मानेच दिलेला आहे. ‘ओशन्स एट’मध्ये हा आधार नाही. डेबी स्वतः भावाच्या परंपरेतील खरी, पण टोळीतील इतरांशी तिचे रक्ताचे नाते नाही. म्हणून येथील सख्य अधिक दुष्कर आहे, आणि अधिक मोलाचे. ते निवडीने आलेले आहे.

५. पांगापांग

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. काम संपल्यावर सर्व जणी पांगतात. रोझचे दुकान निघते, टॅमीचा व्यवसाय वाढतो, नाइन बॉल आपले खेळघर उघडते, डॅफ्नी दिग्दर्शिका होते, लू मोटारसायकलवरून दूर निघून जाते, आणि डेबी एकटीच भावाच्या समाधीपाशी बसते. मैत्री होती तर ती गेली कोठे? धनाने प्रत्येकीला स्वातंत्र्य दिले, पण सोबत दिली नाही, असे या शेवटावरून म्हणता येईल.

हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. पटकथेने प्रत्येकीचे स्वप्न स्वतंत्र चौकटीत दाखविले, आणि त्यांपैकी एकाही चौकटीत दुसरी मैत्रीण नाही. विशेषतः डॅफ्नीच्या बाबतीत ही उणीव खटकते. जी मैत्रिणींसाठी आली, तिच्या पुढील आयुष्यात त्या मैत्रिणी दिसत नाहीत. तिसरे वर्तुळ उघडले खरे, पण ते टिकले की नाही, हे सांगण्याची जबाबदारी लेखकांनी टाळली.

परंतु या पांगण्यास दुसरी बाजूही आहे. स्त्रियांच्या मैत्रीची परीक्षा ती जन्मभर एकत्र राहण्याने करावयाची आणि पुरुषांच्या मैत्रीची एका मोहिमेतील निष्ठेने, हा दुजाभाव होईल. २००१ च्या चित्रपटातील पुरुषही अखेरीस पांगतात, आणि त्यांच्या मैत्रीविषयी कोणी शंका घेत नाही. शिवाय येथे एकीचाही बळी गेलेला नाही, एकीनेही दुसरीचे नाव उघड केलेले नाही. क्लॉडने डेबीला फसविले ते नेमके हेच करून. सहकाऱ्याचे नाव पुढे करून त्याने स्वतःस वाचविले होते. त्या पार्श्वभूमीवर आठ जणींनी राखलेले मौन हेच त्यांच्या सख्याचे सर्वांत ठोस प्रमाण ठरते.

एकूण पाहता ‘ओशन्स एट’ ही श्रेष्ठ कलाकृती नव्हे. तिच्यात रचनेचा सैलपणा आहे, भयाचा अभाव आहे, आणि शेवटाकडे सोयीस्करपणाही आहे. पण ‘मैत्रीण’ आणि ‘साथीदार’ या दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा भाषेने व वाङ्मयाने सोडली होती, तेथे तिने पाऊल टाकले. स्त्रियांचे सख्य भावनेच्या उच्चाराशिवाय, केवळ कामाच्या वाटणीतून व लाभाच्या वाटणीतून सिद्ध होऊ शकते, हे तिने दाखविले. यापुढे या विषयावर लिहिणाऱ्यांनी तिचे अपुरे राहिलेले काम हाती घ्यावयास हवे. मोहीम संपल्यावर, वाटे हाती पडल्यावर, कोणाचेही कोणावाचून अडलेले नसताना, त्या स्त्रिया एकमेकींना ‘आपण’ म्हणतात काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लेखनाने द्यावे.